हलती यादी

सोलापूर, १९ जानेवारी २०२५

महेश्वर,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. ही मेल आहे, पण तू पत्र समजून वाच. फोनवर तू "हो अक्का, बघतो अक्का" म्हणतोस आणि मग मावशीकडून कळतं की साहेब मित्रांबरोबर फिरायला गेले. लिहिलेलं निदान पुन्हा उघडून तुझ्यासमोर धरता येतं.

तक्रार तुझ्या कंपनीच्या प्रोग्रॅमची आहे. दिवाळीपासून तो आमच्या लॅबमध्ये बसवलाय. तो लिहिणारा पुण्यात बसलेला माझा मावसभाऊ आहे हे मी इथे कुणाला सांगितलं नाही, कारण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली.

माझं काम तुला कधी नीट सांगितलेलं नाही, म्हणून सांगते. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये जातात आणि आकडे स्क्रीनवरच्या यादीत येतात. एका पेशंटची एक ओळ. मी ती ओळ मशीनमधून निघालेल्या कागदी पट्टीशी ताडून बघते. ठीक असेल तर ओळीवर माउसने टिचकी मारायची आणि 'ओके' दाबायचं. रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर जातो. आकडा धोक्याचा असेल तर ओके दाबायचं नाही. नमुना पुन्हा लावायचा आणि पेशंटच्या डॉक्टरांना आधी फोन करायचा. चौदा वर्षं हेच करतेय, आधी रजिस्टरवर, आता तुझ्या यादीवर.

तर ही तुझी यादी दर पाच सेकंदांनी मिचकते. सगळ्या ओळी जातात, पडदा पांढरा होतो, ओळी परत येतात. आणि आल्या की मी थेट पहिल्या ओळीवर. मी एकशे चाळिसाव्या पेशंटपाशी असते, पाच सेकंद होतात, चला परत वर. पुन्हा खाली यायचं, नाव शोधायचं, सापडेपर्यंत पुन्हा पाच सेकंद. दुपारपर्यंत डोळ्यांतून पाणी यायला लागतं. शेजारच्या टेबलावरची ऋतुजा, जेऊरची पोरगी आहे, वर्षच झालं लागून, ती म्हणते, "मॅडम, ही यादी न्हाय, लपंडाव हाय की."

आमच्या डॉक्टरांना, म्हणजे बापूसाहेबांना, सांगितलं. ते म्हणाले, कंपनीला कळवा. कंपनीत फोन केला तर एक मुलगा म्हणतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. म्हणून तुला लिहितेय.

अक्का


पुणे, २३ जानेवारी २०२५

अक्का,

नमस्कार. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत शुद्धलेखनासकट तक्रार करणारी तू एकटीच आहेस. सयाजी सरांना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, मी तुझं नाव वगळून ती वाचून दाखवली. लपंडावावर ते हसले आणि मग म्हणाले, दुरुस्त कर.

काय होतंय ते साध्या भाषेत सांगतो. त्या यादीला आम्ही ग्रिड म्हणतो. दर पाच सेकंदांनी प्रोग्रॅम सर्व्हरला विचारतो, नवीन काय आलं? उत्तर आलं की मी सगळी ग्रिड रिकामी करतो आणि पहिल्यापासून भरतो. एकच आकडा बदललेला असला तरी सगळा फळा पुसून परत लिहायचा. पुसलेला फळा तुला क्षणभर दिसतो, तेच ते मिचकणं. आणि पुसताना तू कुठे होतीस हे ग्रिड विसरते, म्हणून पहिली ओळ.

उपाय दोन आहेत. नवं चित्र पडद्याआड पूर्ण काढायचं आणि तयार झालं की एकदम समोर आणायचं. म्हणजे मिचकणं गेलं. दुसरं, भरण्याआधी तू कुठे होतीस ते टिपून ठेवायचं आणि भरल्यावर तुला तिथेच नेऊन सोडायचं. म्हणजे उडी गेली. शनिवार-रविवारात करतो. फार मोठं काम नाही.

खरं सांगायचं तर आमच्याकडे पाच ओळींवर चाचणी घेतात. पाच ओळींत कसली उडी नि कसलं काय. तुझ्यासारखं दोनशे ओळींत दिवसभर कुणी बसून बघितलंच नव्हतं.

महेश्वर


सोलापूर, ४ फेब्रुवारी २०२५

महेश्वर,

नवी आवृत्ती आली. यादी शांत आहे. मिचकत नाही, उडत नाही, जिथे सोडते तिथेच राहते. सोमवारी मी दोनशे सहा रिपोर्ट पाहिले आणि घरी जाऊन पुस्तक वाचलं, एवढे डोळे शिल्लक होते. ऋतुजाने मला विचारलं, मॅडम, कुणाच्या मागं लागून केलंत? मी म्हटलं, आहे एक ओळखीचा, बरा मुलगा आहे.

तुझ्या यादीवर काम करायची मी माझी एक युक्तीही काढलीय. तुला सांगणार नाही, हसशील.

मावशीला सांग, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवते. शेजारच्या पायलची मैत्रीण रविवारी पुण्याला जातेय. भाकरी मावशीची, चटणी तुझी.

अक्का


पुणे, २० फेब्रुवारी २०२५

अक्का,

चटणी मिळाली आणि संपलीसुद्धा. मी दोनदा फोन केला, तू उचलला नाहीस. आई म्हणते, तिने केला तेव्हाही तुटक बोललीस. तब्येत बरी आहे ना?

तुमच्याच लॅबचं एक प्रकरण परवा आमच्याकडे आलं. धोक्याचा आकडा असलेल्या एका पेशंटला कुणीतरी सरळ ओके देऊन टाकलं आणि त्याच्या डॉक्टरांना फोन गेलाच नाही. लॅबने कंपनीकडे तांत्रिक मत मागितलं. सरांनी ते माझ्याकडे टाकलं, एका तासात हवं होतं. मी नोंदी काढून पाहिल्या. 'ऑपरेटर तीन' ने त्या पेशंटच्या ओळीवर टिचकी मारली, ओके दाबलं, प्रोग्रॅमने तीच ओळ सोडली. प्रोग्रॅमने सांगितलं तेच केलं. तसं लिहून दिलं, "चूक ऑपरेटरची आहे, सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही", आणि खाली सही केली.

ती तुझी ऋतुजा असणार. नवीन मुलगी, हात भराभर चालत असेल. तू तिला जरा समजावून सांग, तुझं ऐकेल ती.

महेश्वर


सोलापूर, २३ फेब्रुवारी २०२५

महेश्वर,

ऑपरेटर तीन मी आहे.

काय झालं ते क्रमाने लिहिते. तेरा फेब्रुवारी, गुरुवार. हरिदास म्हणून एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, नातेपुत्यांचे. इथल्या एका डॉक्टरांकडे रक्तदाबासाठी येतात. त्यांचं पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ आलं. एवढं झालं तर हृदय कधीही दगा देऊ शकतं. मी ते थांबवून फोन करायला हवा होता. त्याऐवजी माझ्या नावाने त्यांना ओके गेलं, मोबाइलवर रिपोर्ट गेला, आणि तो बघून त्यांना काय कळणार. ते एसटीत बसले. माळशिरसच्या आधी त्यांच्या पायांतला जोर गेला. कंडक्टरने गाडी दवाखान्याशी नेली म्हणून वाचले. पाच दिवस तिथे होते.

त्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी बापूसाहेबांना फोन केला. शनिवारपासून मी घरी आहे. दहा मार्चला बापूसाहेब आणि त्यांचे दोन भागीदार बसून ठरवणार आहेत की मला ठेवायचं की काढायचं. काढलं तर या गावात दुसरी लॅब मला घेणार नाही, कारण ते विचारतील का काढलं, आणि सगळ्यांना माहीत असेल.

बुधवारी मला बोलावून कंपनीचं मत वाचून दाखवलं. खाली तुझं नाव होतं. तू माझा मावसभाऊ आहेस हे मी तिथे सांगितलं नाही.

महेश्वर, मला अजून वाटतं की मी त्या ओळीवर टिचकी मारली नाही. मी शिवलीला नावाच्या बाईंची ओळ बघत होते, त्यांचं सगळं ठीक होतं, मी त्यांना ओके दिलं. पण तुझी नोंद म्हणते मी हरिदासांना दिलं. प्रोग्रॅमने सांगितलं तेच केलं असं तूच लिहिलंस. मग खोटी मीच. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं, आणि मला स्वतःची भीती वाटते आहे.

अक्का


पुणे, २५ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र वाचल्यापासून मला काही सुचत नाही. मी तुला विचारलंही नाही. एक फोन केला असता तर कळलं असतं. एका तासात मत हवं होतं म्हणून मी एका माणसाच्या चौदा वर्षांवर एक ओळ लिहिली, आणि ते माणूस तू निघालीस. मला फार लाज वाटते.

काल दिवसभर मी ती यादी समोर ठेवून बसलो. दोनशे ओळी भरल्या, मध्ये मध्ये नवे नमुने घातले. तीनशे वेळा तरी टिचक्या मारल्या असतील. जी ओळ बघतो तीच ओळ सुटते. चुकत नाही. कोडही पुन्हा वाचला, बरोबर वाटतो.

म्हणून आता तू मला नीट सांग. त्या वेळी तुझे हात काय करत होते, नजर कुठे होती, टिचकी मारण्याआधी काय केलंस. फालतू वाटलं तरी सांग. काही लपवू नकोस. चौथ्या तारखेला तू एका युक्तीबद्दल लिहिलं होतंस, तीही सांग.

महेश्वर


सोलापूर, २८ फेब्रुवारी २०२५

महेश्वर,

सांगते. हसायचं तर हस.

रजिस्टर होतं तेव्हा मी ओळीखाली फूटपट्टी ठेवायचे. नजर मशीनच्या पट्टीवर गेली आणि परत आली की फूटपट्टीच्या वरचीच ओळ. वर्षानुवर्षं तसंच केलं. स्क्रीनवर फूटपट्टी राहत नाही. माउसने आधी टिचकी मारून ओळ निळी करून ठेवली तर पाच सेकंदांत तो निळा रंग जातो, तुझ्या नव्या आवृत्तीतही जातो. म्हणून मी टिकली लावायला लागले. माझ्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतंच. जी ओळ बघायची तिच्या डाव्या टोकाशी, स्क्रीनच्या काचेवर, बारीक मरून टिकली. मग खाली वाकायचं, ट्रेमधून पट्टी काढायची, आकडे ताडायचे, वर बघायचं आणि टिकलीशेजारच्या ओळीवर टिचकी मारून ओके. पुढच्या ओळीला टिकली खाली. यादी उडत होती तेव्हा हे जमत नव्हतं. तू ती शांत केलीस तेव्हापासून जमायला लागलं.

त्या दिवशीही तेच केलं. शिवलीलाबाईंच्या ओळीला टिकली लावली. पट्टी दुसऱ्या पट्ट्यांखाली गेली होती, शोधायला अर्धं मिनिट लागलं असेल. वर पाहिलं, टिकली जागेवर, यादी शांत. टिचकी मारली. नाव पुन्हा वाचलं नाही. हे माझं चुकलं आणि ते मी कुणाहीपुढे कबूल करीन.

टिकलीचं मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही. माणसं माझ्याकडे शिकायला येतात. पुढे टिकलीवाली बाई म्हणून ओळखलं जायचं नाही मला. टिचकी मारून झाल्यावर मी ती काढून टाकते, ऋतुजालासुद्धा ठाऊक नाही.

अक्का


पुणे, ३ मार्च २०२५

अक्का,

मला हसू आलं नाही. तुझी मेल वाचली आणि लगेच त्या दिवसाच्या नोंदी पुन्हा काढून बसलो.

भरण्याआधी तू कुठे होतीस ते टिपून ठेवीन असं मी लिहिलं होतं. मी टिपला तो ओळीचा क्रमांक. एकशे बारावी ओळ, एवढंच. त्या ओळीत कोण आहे ते टिपलं नाही. आता बघ. तातडीचा नमुना आला की तो यादीत सगळ्यात वर बसतो. बाकी सगळे एकेक घर खाली सरकतात. ग्रिड मात्र इमानदारीने एकशे बाराव्या जागेवरच थांबते, आणि त्या जागी आता वरच्या ओळीतला पेशंट आलेला असतो. तेरा तारखेला अकरा वाजून बारा मिनिटांनी एक तातडीचा नमुना आला. त्याआधी एकशे बाराव्या ओळीत शिवलीला होत्या आणि एकशे अकराव्यात हरिदास, ज्यांचे आकडे मशीनकडून उशिरा, नुकतेच आले होते आणि तू अजून बघितले नव्हतेस. तू वीस सेकंदांनी टिचकी मारलीस.

तीनशे वेळा करूनही मला का सापडलं नाही, तर माझी नजर स्क्रीनवरून हलत नव्हती. ओळ सरकली की मी तिच्यामागे जात होतो. ज्याला काम करताना खाली बघावं लागतं, अशा माणसाचा मी विचारच केला नव्हता. तुझ्या टिकलीने आणि माझ्या कोडने एकच केलं. दोघांनी जागा धरून ठेवली आणि माणूस सोडला.

आणि आता जे तुला सांगायचं नव्हतं ते. हे मला माहीत होतं. नमुन्याच्या नंबराने ओळ धरायला हवी हे मी त्या शनिवारीच कोडमध्ये स्वतःसाठी लिहून ठेवलंय, "हे नंतर नीट करायचं". त्याला आणखी दोन दिवस लागले असते. यादी दिसायला छान शांत झाली होती, मी सोडून दिलं. मागच्या आठवड्यात कोड पुन्हा वाचताना ती टीप दिसली, पण तिचा या चुकीशी संबंध असेल असं वाटलं नाही. आधी ती मिचकायची आणि वर पळायची, तेव्हा तुला दर वेळी नाव शोधूनच काढावं लागायचं. त्रास होता, पण त्या त्रासातच तुला कळायचं की यादी बदलली. मी तो काढून टाकला आणि तुला काहीच कळेनासं केलं.

बापूसाहेबांना मी पत्र पाठवलंय. माझं आधीचं मत चुकीचं होतं, दोष सॉफ्टवेअरचा आहे, तो माझ्या हातून झाला, असं सविस्तर दोन पानं लिहिलंय. सयाजी सर म्हणाले, पाठवू नकोस, कंपनी अडचणीत येईल. मी पाठवून मग त्यांना सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत.

टिकलीचा उल्लेख मी केलेला नाही. तूही करू नकोस. सगळं माझ्यावर आलेलं पुरे आहे.

महेश्वर


सोलापूर, १२ मार्च २०२५

महेश्वर,

सोमवारी दहा तारखेला बैठक झाली. आधी ती सांगते, मग कालचं.

तुझं पत्र बापूसाहेबांच्या हातात होतं. म्हणाले, "सिद्धेश्वरीबाई, हे मी तीनदा वाचलं. मला कळलं ते एवढंच की लिहिणाऱ्याला फार वाईट वाटलंय." मी सांगितलं, तो माझा मावसभाऊ आहे. सांगायलाच हवं होतं. पुढे कुणी दुसऱ्याने ते शोधून काढलं असतं तर तुझ्या पत्राला काडीची किंमत राहिली नसती. पण तेव्हाही राहिली नाही. एक भागीदार म्हणाले, "म्हणजे आधी भावानं खरं लिहिलं, मग बहिणीचं कळल्यावर बदललं." बापूसाहेबांनी कागद खाली ठेवला. मला दिसत होतं की ते काय ठरवणार आहेत.

मग मी म्हटलं, मी दाखवते. तू नको म्हणालास ते मला आठवलं, पण अर्धं सांगून वाचायचं आणि पुढची दहा वर्षं तिथेच बसायचं, हे मला झेपलं नसतं. तिघांना माझ्या टेबलाशी घेऊन गेले. पर्समधून पाकीट काढलं. ऋतुजा बघत होती, बाहेरचा शिपाई बघत होता. एक ओळ निवडली, ती आणि तिच्या वरची दोन्ही ठीक आहेत हे बघितलं, शेजारी टिकली लावली आणि बापूसाहेबांना म्हटलं, हे नाव वाचा. त्यांनी वाचलं. "आता ट्रेमधून पट्टी काढून द्या मला." ते वाकले. मी ऋतुजाला खूण केली, तिने एक तातडीचा नमुना घातला. बापूसाहेब पट्टी घेऊन वर आले. "आता ओके द्या," म्हटलं. त्यांनी माउस टिकलीशेजारी नेला आणि टिचकी मारली. मी म्हटलं, आता नाव वाचा.

त्यांनी स्क्रीनशी वाकून नाव वाचलं. मग म्हणाले, "पडदा हललासुद्धा नाही." कुणी हसलं नाही, महेश्वर. हसतील म्हणून मी महिनाभर तोंड शिवून बसले होते. सोमवारपासून या, बापूसाहेब म्हणाले. तुझी दुरुस्ती येईपर्यंत प्रत्येक ओके दोघींनी नाव वाचून द्यायचं, असंही ठरलं.

विचार करून कळवते, मी म्हटलं. लगेच हो म्हणवलं नाही. घरी स्वयंपाक करतानासुद्धा हल्ली डब्यावरचं नाव दोनदा वाचते. माझ्या हातावरचा माझाच विश्वास गेला होता, आणि तो बैठकीत कुणी परत देऊ शकत नाही. निघताना विचारलं, हरिदासांना हे कुणी सांगितलंय का? बापूसाहेब म्हणाले, त्यांची तक्रार नाही, कशाला उकरून काढता.

म्हणून काल मी नातेपुत्यांना गेले. घर विचारत विचारत सापडलं. ते ओट्यावर बसले होते, बायको केसरबाई शेंगा सोलत होती. लॅबमधून आलेय म्हटल्यावर म्हणाले, "रिपोर्ट ऱ्हायलाय का कुठला?"

मी उभ्यानेच सांगितलं. यादीचं, ओळीचं, टिकलीचं, नाव न वाचल्याचं, सगळं. केसरबाईंचे हात थांबले.

"आनी बसमदीच जीव गेला असता मंजी?"

"जाऊ शकला असता," मी म्हटलं.

हरिदासांनी विचारलं, "तुमी मुद्दाम केलं का?"

"नाही."

"मला तितं दवाखान्यात म्हनले, गोळ्यांनी झालं. चूक झाली असं कुनीबी बोललं न्हाय. तुमीच पैल्या." मग म्हणाले, "फुडच्या म्हैन्यात परत रगत तपासायचं हाय. तुमी बगनार असाल तर येतो सोलापूरला. न्हायतर हितंच करतो."

केसरबाई एकदम तडकल्या. "ह्यांच्याकडंच? लई झालं का तुमाला?"

"व्हय, ह्यांच्याकडंच," ते म्हणाले. "आता ही बाई माजं नाव इसरनार न्हाय."

केसरबाईंनी पाणीही विचारलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली. सोमवारी जाते आहे.

अक्का


पुणे, २० मार्च २०२५

अक्का,

तू नातेपुत्यांना गेलीस हे वाचून मला आधी राग आला आणि मग स्वतःचीच लाज वाटली, कारण जायला मी हवं होतं. अजूनही जाईन.

दुरुस्ती झाली. आता ग्रिड रिकामी होत नाही. बदललेली ओळ असेल तेवढीच बदलते. तुझी जागा नमुन्याच्या नंबराने धरली जाते आणि निळी केलेली ओळ निळीच राहते. सगळ्यात महत्त्वाचं, नवे नमुने तुझ्या हाताखाली घुसत नाहीत. वर एक पट्टी येते, "तीन नवे नमुने आले", आणि तू तिच्यावर टिचकी मारशील तेव्हाच ते यादीत येतात. आणि ओके दाबल्यावर पेशंटचं नाव मोठ्या अक्षरांत समोर येतं. ते वाचून पुन्हा दाबल्याशिवाय रिपोर्ट सुटत नाही.

ती चुकीची आवृत्ती आणखी तीस लॅबमध्ये गेली होती. मी प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन केला. दोन ठिकाणी ते म्हणाले, असं एकदा झालं होतं, आमच्या मुलीला आम्ही समज दिली. त्या दोघींची नावं मागून घेतली आणि त्यांनाही लिहिलं.

सरांनी मला या कामावरून काढलंय. आता पावत्यांच्या छपाईचा कोड बघतो. ठीक आहे.

महेश्वर


सोलापूर, १५ एप्रिल २०२५

महेश्वर,

मोठ्या अक्षरांतलं नाव आधीच सुचलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते आणि तो विषय संपवते. यादी चांगली आहे. पहिले पंधरा दिवस मी तिच्याकडे संशयानेच बघत होते.

आज सकाळी हरिदास आले. केसरबाईही होत्या. माझ्याकडे न बघता बाकावर बसल्या. नळी मी स्वतः मशीनला लावली. मधल्या वेळात सात नवे नमुने आले, यादीच्या वरच्या पट्टीवर सातचा आकडा दिसत होता, मी त्यांना बाहेरच ठेवलं. पोटॅशियम चार पूर्णांक सहा. कागदी पट्टी ताडली. नाव वाचलं, मोठ्या अक्षरांतलं पुन्हा वाचलं, आणि ओके दाबलं.

रिपोर्ट त्यांच्या मोबाइलवर गेला होता. तरी मी उठून बाहेर गेले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि आकडा तोंडाने सांगितला. चांगला आहे म्हटलं, घरी जा. हरिदासांनी मान हलवली. केसरबाई उठल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "फुडच्या टायमाला मीबी तपासून घेते. तुमीच बगा."

अक्का